दोन सोबती, पेशंट शून्य

मास्तरांनी एकतीस वर्षांत साडेचार हजार माणसांना गाडी शिकवली, आणि त्यांतल्या एकालाही खरं काही सांगितलं नाही. "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेही आहे," एवढं एकच वाक्य त्यांनी जन्मभर पुरवून वापरलं. ब्रेक होता हे खरं. त्या ब्रेकवर ठेवलेला त्यांचा पाय समोरच्यापेक्षा जास्त थरथरत असे, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता तुम्ही मोकळे." मास्तर मोकळे झाले ते असे, की शिकाऊ माणसाने अचानक ब्रेक मारला की गाडी थांबायची आणि मास्तर चालू व्हायचे. त्यांनी सीटवर जाड टॉवेल अंथरला आणि कुणी विचारलंच तर "कंबरेसाठी" म्हणून सांगू लागले. सगळ्या पँटी गडद रंगाच्या शिवल्या. हे गळणं सहा आठवड्यांत थांबेल म्हणाले होते, मग तीन महिन्यांत, मग म्हणाले प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणजे डॉक्टरांनीही हात टेकले होते, फक्त टेकताना हसले होते.

घरी त्याहून अवघड. ऑपरेशननंतर "तुम्हाला आराम पडू दे" म्हणून बायको लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. आधी उशी गेली. मग गुडघ्याचं मलम गेलं, मग चष्म्याचं घर, मग भिंतीवरचं घड्याळ. आता मास्तरांच्या खोलीत तिची म्हणावी अशी एक केसांची पिन तेवढी उरली होती आणि ती ते रोज त्याच जागी ठेवून देत. परत ये म्हणायला त्यांना लाज वाटे, कारण अंथरूण ओलं होण्याची भीती होती. तिला वाटे, यांना एकटं बरं वाटतंय. दोघंही एकमेकांना इतका आराम देत होती की घरात पाऊल टाकलं तरी दचकायला व्हावं.

म्हणून हॉस्पिटलातल्या मॅडमनी "तुम्ही सोबती व्हाल का?" असं विचारलं तेव्हा मास्तर नको इतक्या घाईने हो म्हणाले. योजना साधी होती. ज्याचं ऑपरेशन होऊन गेलंय त्याने, ज्याचं व्हायचंय त्याला दर गुरुवारी पाचला फोन करायचा. नाव नाही, नंबर नाही. हॉस्पिटलच्या एक्स्चेंजला फोन लावून आपला कोड दाबायचा की जोडीदार लागतो. कोड पेशंटलाही दिलेला असे, वाटलं तर त्यानेही लावावा. अर्ध्या दिवसाच्या शिबिरात नियम पाठ करून घेतले. पहिल्या दोन फोनमध्ये आपली कहाणी सांगायची नाही आणि त्याच्या आजाराचं विचारायचं नाही. त्याचं त्याला बोलू द्यायचं. तिसऱ्या फोनला ऑपरेशनची तारीख विचारायची. आणि प्रत्येक फोननंतर फॉर्म भरायचा.

पहिल्या गुरुवारी मास्तर क्लासच्या गाडीत जाऊन बसले. घरात भिंती पातळ होत्या. पाचला कोड दाबला तर एंगेज. पाच वाजून दोन मिनिटांनी एंगेज. पाच वाजून सात मिनिटांनीही एंगेज. 'बिचारा घाबरून रिसीव्हर काढून बसलाय,' मास्तर कळवळले. पलीकडे तो बिचाराही आपला कोड दाबत बसला होता आणि तसाच कळवळत होता, हे त्यांना कसं कळावं? शेवटी मास्तर दमले आणि तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार," पलीकडून एक मऊ आवाज.

"नमस्कार. बोला."

"नाही नाही, तुम्ही बोला."

"तुम्हीच बोला. मी ऐकतोय."

"मीही ऐकतोय."

मग दोघंही ऐकू लागले. चार मिनिटं ऐकलं. दुसरं कुणी असतं तर "हॅलो, हॅलो" करून फोन आपटला असता. पण मास्तरांची सगळी हयात स्टिअरिंगला चिकटून गप्प झालेल्या माणसांशेजारी गेली होती. त्यांना घाबरलेली शांतता ओळखू यायची. आणि पलीकडचा माणूस होता दातांचा डॉक्टर. त्याची सगळी हयात आ वासलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली होती. एवढा गप्प राहणारा पेशंट म्हणजे त्याला घरच्यासारखाच वाटला.

"आज उकडतंय जरा," दातांचे डॉक्टर अखेर म्हणाले.

"उकडतंय खरं. पण घाबरू नका."

"मी? छे. तुम्ही घाबरू नका. जराही दुखणार नाही."

"मला कशाला दुखेल?"

"तेच म्हणतो मी."

मास्तरांनी फॉर्ममध्ये लिहिलं, 'पेशंट बुजरा आहे. हवामानावर बोलतो. धीर दिला.' पलीकडे डॉक्टरांनीही हेच लिहिलं होतं, फक्त अक्षर वाईट होतं.

दुसऱ्या गुरुवारी धंद्याचं बोलणं निघालं. डॉक्टर म्हणाले, दाढ काढताना माणसं डॉक्टरांचा गुडघा धरतात, स्वतःचा धरत नाहीत. मास्तर म्हणाले, त्यांच्या एका विद्यार्थिनीने वळताना चुकून त्यांचाच कान पिळला होता, ती त्याला इंडिकेटर समजली. पंधरा मिनिटं कधी गेली कळलं नाही. मास्तर घरी आले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आज चेहरा बरा दिसतोय." मास्तर म्हणाले, "क्लच नवीन टाकला." तिने मान डोलावली आणि आपल्या खोलीत गेली.

तिसऱ्या गुरुवारी दोघांनीही एकाच दमात विचारलं, "तुमचं ऑपरेशन कधी?"

"माझं झालं की!" हेही दोघं एकदमच बोलले.

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तुम्ही पेशंट ना?"

"मी सोबती. पेशंट तुम्ही."

"अहो, मी सोबती!"

"मग आपण तीन आठवडे कुणाला धीर देतोय?"

मास्तर हसायला लागले. डॉक्टरही हसायला लागले. हसता हसता मास्तर एकदम ओरडले, "थांबा हो, हसवू नका, हसलं की मला..."

"मलाही," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांना टॉवेल आवरायचं सुचलंच नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं आणि आकाश कोसळलं नव्हतं. गाडीच्या काचेबाहेर एक कुत्रा टायर हुंगत होता. तोही शांत होता.

"दिवसाला किती पॅड?" डॉक्टरांनी विचारलं, जणू साखर किती घेता.

"तीन. बाहेर असलो तर चार."

"मला दोन."

"मग तुम्हीच सोबती. मी पेशंट."

झालं होतं एवढंच, की मॅडमच्या नव्या कॉम्प्युटरने वय आणि पत्ता बघून जोड्या लावल्या होत्या. 'ऑपरेशन आधी की नंतर' हा रकाना बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी हे लगेच कळवायला हवं होतं. "कळवू," डॉक्टर म्हणाले. "कळवू की," मास्तर म्हणाले. मग डॉक्टरांनी विचारलं, "पुढच्या गुरुवारी?" आणि मास्तर म्हणाले, "पाचला."

पुढचे चार गुरुवार मास्तरांच्या आयुष्यातले बरे दिवस होते. त्यांनी बायकोच्या उशीचं सांगितलं, मलमाचं सांगितलं. पिनेचं नाही सांगितलं. डॉक्टरांचं उलटंच होतं. त्यांच्या बायकोने ऑपरेशनची बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटोसकट टाकली होती. आता लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी बाहेर पडू देत आणि तळमजल्याच्या आजी "लागली का हो?" असं खुणेने विचारत. "तुमच्याकडे कुणालाच माहीत नाही आणि माझ्याकडे सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले. "बोलायला मात्र दोघांनाही कुणी नाही." त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे नवराबायकोच्या गोष्टीबद्दल, ते एकदाच बोलले. डॉक्टर म्हणाले, "ते तर..." मास्तर म्हणाले, "हो, ते तर." त्यात सगळं आलं.

फॉर्म मात्र भरावे लागत. मास्तर लिहीत, 'पेशंट आता मोकळेपणाने बोलतो.' डॉक्टर लिहीत, 'पेशंटची मनाची तयारी उत्तम. ऑपरेशनला हरकत नाही.'

याचा परिणाम असा झाला की एका शुक्रवारी सकाळी मास्तरांना हॉस्पिटलातून फोन आला. "मंगळवारी सकाळी सातला उपाशीपोटी या. सोबत एक नातेवाईक आणा."

"कशाला?"

"प्रोस्टेट काढायची आहे ना तुमची."

"ती तुम्हीच काढलीत, अकरा महिन्यांपूर्वी. बरणीत घालून मला दाखवलीत."

"सर, घाबरू नका," पोरगी समजुतीने म्हणाली. "शेवटच्या दिवसांत सगळे असंच काहीतरी म्हणतात."

फोन ठेवल्यावर मास्तरांना आधी हसू आलं. मग मात्र त्यांना सुचलं की मंगळवारची जागा कुणाची तरी खरी आहे. आणि आपण दोन सोबती एकमेकांशी बोलत बसलोय, तर कुठेतरी दोन पेशंटही एकमेकांशीच बोलत बसले असणार. ज्यांना काहीच माहीत नाही असे दोघं. एक विचारत असेल, "दुखतं का हो?" आणि दुसरा म्हणत असेल, "मी तर असं ऐकलंय..."

सांगायला तर हवं होतं. पण सांगितलं की कॉम्प्युटर जोडी मोडणार, कोड बदलणार. डॉक्टरांचं नाव त्यांना माहीत नव्हतं, नंबर नव्हता, दवाखाना कुठल्या गल्लीत तेही नव्हतं. सात गुरुवारांत नंबर मागायचं दोघांच्याही मनात आलं असणार, पण या वयाच्या पुरुषाने दुसऱ्या पुरुषाकडे नंबर मागायचा म्हणजे कारण द्यावं लागतं. गुरुवारपर्यंत थांबलं असतं तर निदान ते मागता आलं असतं. पण मंगळवार गुरुवारच्या आधी येतो, त्याला कोण काय करणार?

शनिवारी सकाळी मास्तर मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. बसले नाहीत, खुर्ची कापडी होती.

मॅडमनी यादी काढली, तोंडावर हात ठेवला. "एकाने ऑपरेशनच नको म्हणून पत्र दिलंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं मंगळवारी. सात आठवडे हे दोघं एकमेकांना... तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या फोनला."

"आणि आज सांगताय?"

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये बसण्यासारखं नव्हतं. मॅडमनी बराच वेळ की-बोर्ड बडवला. "तुमचा नवा कोड. मंगळवारचे गृहस्थ. आजच बोला. ते दुसरे, नकार दिलेले, ते तुमच्या त्या... जोडीदाराकडे देते."

"त्यांना एक निरोप द्याल का?"

"काय?"

मास्तरांनी विचार केला. "काही नाही. उकडतंय म्हणावं."

"सोबत्यांना आपापसात निरोप देता येत नाहीत हो," मॅडम म्हणाल्या, पण वाईट वाटून म्हणाल्या.

पाच वाजेपर्यंत मास्तर गाडीतच बसले. दुपारचे दोन्ही धडे त्यांनी रद्द केले होते. मग कोड दाबला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण?" जाड, घोगरा आवाज. हा माणूस छापखान्यात मशीनवर होता, सवयीने मोठ्याने बोलायचा आणि मग एकदम आवाज खाली आणायचा. "परत तुम्ही का? आज काय ऐकलंत नवीन?"

"मी तो नाही. तो तुमच्यासारखाच होता, त्याला काही माहीत नव्हतं. माझं झालंय."

"झालंय? खरंच? मग मला एक सांगा, सरळ सांगा. कोरडे कधी झालात?"

नियम असा होता की आपली कहाणी आज सांगायची नाही. आणि मास्तरांच्या तोंडात ते जन्मभराचं वाक्य तयारच होतं, ब्रेकवालं. ते जिभेवर आलंही.

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "अकरा महिने झाले. बऱ्याच जणांचं लवकर थांबतं, माझं नाही थांबलं. पण कॅन्सर गेला. आणि गळण्याने माणूस मरत नाही, टॉवेल घेऊन हिंडतो."

मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, लांबून, भांड्यांच्या आवाजातून, "कोणाचा फोन हो?"

"कुणी नाही गं," छापखानेवाला ओरडला. "प्रेसमधलं!" मग फोनवर दबक्या आवाजात, "हं, बोला. पॅड कुठले घ्यायचे ते सांगा, लिहून घेतो."

"तिला माहीत नाही?"

"ऑपरेशन माहीत आहे. हे पुढचं नाही. कशाला उगाच. तुम्ही सांगितलंत तुमच्या घरी?"

"नाही."

"बघा. मग?"

"मग हे असं," मास्तर म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी गाडीत बसून अनोळखी माणसाला फोन करावा लागतो."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक टेबलावर. त्याने ठेवून दिला नव्हता, नुसता बाजूला ठेवला होता. पावलं लांब गेली. भांड्यांचा आवाज बंद झाला. नळही बंद झाला. दोन माणसं हळू बोलत होती, पण काय बोलत होती ते मास्तरांना ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकायचा प्रयत्नही करत नव्हते. काचा वर करून, फोन कानाला धरून ते तसेच बसून राहिले. पॅडचं सांगायचं राहिलं होतं.