गुंडीच्या झबल्यातल्या चकत्या

तपासणीच्या खोलीत वजनकाट्याची पाटी थंडगार होती. सिस्टर म्हणाल्या, "झबलं राहू दे अंगात. त्याचं असं काय वजन असणार?"

गुंडीच्या आईने झबल्याची दुमड हळूच सारखी केली.

ती पडदे शिवायच्या दुकानात कामाला. पडदा सरळ लोंबावा म्हणून काठात लोखंडी चकत्या घालतात. तसल्या चौदा चकत्या तिने काल झबल्याच्या दुमडीत शिवल्या होत्या. शिवताना ओठांवर ओवीही आली होती,

*टाका घालते मी बाई, दोरा दुपदरी करून*
*लेक भरू दे गं माझी, जशी घागर झऱ्यावरून*

गेल्या महिन्यात काटा तसूभर हलला नव्हता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "या खेपेलाही असंच झालं, तर गुंडीला तुझ्या नणंदेकडे पोचवते. ती चोवीस तास घरी असते, तुझ्यासारखं कामावर जावं लागत नाही. माझी नात डोळ्यांदेखत वाळलेली मला बघवत नाही." बोलताना त्यांचाच आवाज कापरा झाला होता. म्हणून तर भांडताही आलं नाही.

सिस्टरनी वजनाच्या कार्डावर टिंब काढलं. "रेघ चढली की. आहे तसंच चालू द्या. आता तीन महिन्यांनी या."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "गुणी आहे हो पोर. दिवसभर झोपते. मागतसुद्धा नाही. हिने काढून ठेवलेलं दूध वाटीत तसंच राहतं."

आहे तसंच. तीन महिने. कामावर निघताना एकदा पाजायचं, परतल्यावर एकदा, आणि मधल्या साऱ्या दिवसभर सासूबाईंजवळ ती शांतता. त्या शांततेचं तिलाही कौतुक होतं. शेजारणींना ती सांगायची, आमची गुंडी रडतच नाही.

बाहेर चार पोरं टाहो फोडत होती. सहा महिन्यांची गुंडी त्या गार पाटीवर झोपली होती.

आईने पिशवीतून दोरे कापायची कात्री काढली आणि दुमड उसवली. टण. टण. चकत्या पाटीवर पडू लागल्या.

"हे काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"पडद्याच्या आहेत, आई."

सिस्टरनी गुंडीला उघडी करून पुन्हा ठेवलं. काटा गेल्या महिन्याच्याही खाली थांबला.

"दिवसभरात किती वेळा पाजता, आजी?"

"उठली की."

"उठते किती वेळा?"

सासूबाईंनी बोटं मोजायला घेतली. पहिल्याच बोटावर अंगठा थांबला.

"पोट भरत नसलं की काही बाळं रडायचंही सोडतात. अंगात तेवढं त्राण राहत नाही," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मीही झबल्यासकट तोललं, माझंही चुकलं. आज डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जायचं नाही. आणि यापुढे ती उठायची वाट बघायची नाही. दर दोन तासांनी उठवून पाजायचं. आत्ता उठवा. तळपाय चोळा."

आईने तिला छातीशी घेतलं. लिंबाएवढी टाच चोळताना ती पुटपुटत होती, "ऊठ गं. माग माझ्याकडे. भांड माझ्याशी."

गुंडीने अर्धा डोळा उघडला. तीन घोट ओढले. मान पुन्हा कलंडली.

"परत," सिस्टर म्हणाल्या.

"आई, मग हिला वन्संकडे पोचवणार का तुम्ही?"

"आधी जागी तर होऊ दे." सासूबाईंनी वर न बघता दुसरा तळपाय हातात घेतला आणि चोळायला लागल्या.