कारणाचा रकाना

खणाची लांबी सोळा इंच. पुढे पितळी कडी, कडीच्या वर छोटी चौकट, तीत पिवळा पडलेला कागद: 'न ते प'.

माझ्या लेकीचे 'हं' तीन प्रकारचे. ऐकलं. ऐकलं नाही. आता पुरे.

सत्रं आठ. स्लाइड दोनशे बारा. शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य.

जांभळी शाई नखांच्या कडेला बसली की चार दिवस जात नाही.

"मॅडम, फोन सोडायच्या सत्राची नोंदणी फोनवरूनच करायची ना?"

हे सगळं एकाच कॉलेजातलं. मी तिथली समुपदेशक. मुलांचा फोन सोडवणं हे माझं काम. नेमणुकीच्या पत्रात चौथ्या ओळीत तसं लिहिलंय. सहा वर्षं सत्रं घेते. मुलं येतात, मागच्या बाकांवर बसतात, आणि मी पडद्यावर मेंदू दाखवत असते तेव्हा बाकाखाली त्यांचे अंगठे चालू असतात. शेवटी प्रतिज्ञा होते. प्रतिज्ञेचा फोटो काढतात. कशावर ते सांगायला नको.

आणि ग्रंथालयातला तो. देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून. शिक्षण बारावी. सगळे त्याला शिक्केकाका म्हणतात. ग्रंथालय संगणकावर गेलं तेव्हा कार्डांचं लाकडी कपाट भंगारात निघालं होतं, ते यानं हट्टानं ठेवून घेतलं. साठ खण, साठही रिकामे. एकदा एक मुलगी त्याला म्हणाली, काका, परीक्षा होईपर्यंत हा फोन ठेवा, मी मागितला तरी देऊ नका. त्यानं तो खणात उभा करून पाहिला. कार्डासारखा बरोब्बर बसला.

पण 'देऊ नका' हे त्याला पटेना. ग्रंथालय म्हटलं की मागेल त्याला द्यायला हवं. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. फोनला दाखल क्रमांक दिला, पाठीवर लेबल चिकटवलं, नोंदवहीत चढवला. आता फोन ग्रंथालयाचा. हवा असेल तर चिठ्ठी भरायची: नाव, क्रमांक, किती वेळ, कशासाठी. चिठ्ठीवर जांभळा शिक्का. उशिरा परत केला तर दंड म्हणून एका फाटक्या पुस्तकाचा कणा चिकटवून द्यायचा. संध्याकाळी ग्रंथालय बंद होताना ज्याचा त्याला.

स्वतःचाच फोन उसना घ्यायचा. मुलं हसली. मग रांग लागली.

कारणाच्या रकान्यावर तो काही बोलत नाही म्हणे. कुणी 'उगाच' लिहिलं तरी शिक्का मारतो. मुलं 'उगाच' लिहितात, लिहिलेल्याकडे बघत राहतात, आणि बरेचदा चिठ्ठी चुरगाळून माघारी जातात. दोन महिन्यांत बेचाळीस खण भरले. प्राचार्यांनी सभेत त्याला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, आणि म्हणाले, डोकं लागतं, नुसत्या पदव्या काय कामाच्या. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं नसेलही. पण मला तसं वाटलं आणि जेवण गेलं नाही.

खोटं कशाला सांगू, मी जळत होते. त्याच्या खिडकीसमोरून जावं लागू नये म्हणून जिना बदलला. त्याच्या खाकी शर्टाचा राग यायचा. शिक्क्याचा 'ठप्प' आवाज माझ्या खोलीपर्यंत येत नाही, तरी यायचा.

तोवर हे कामापुरतं होतं. मग एका संध्याकाळी माझी लेक जेवणाच्या टेबलाशी पुस्तक वाचत बसलेली दिसली. दोन्ही हातांनी धरून. ती याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षं मी तिच्या हातातला फोन सोडवायला हात धुवून मागे लागले होते. पासवर्ड बदलले, इंटरनेट बंद केलं, शेजारी जाऊन बसले, रडलेसुद्धा.

"फोन कुठेय?"

"बॅगेत."

"बॅगेत का?"

"आई, हातात असला तरी विचारतेस, नसला तरी विचारतेस."

तिच्या नखांच्या कडा जांभळ्या होत्या. रिकाम्या तासाला ती काकांना शिक्के मारू लागते, हे मला असं कळलं. मग रोज काका. काका असं म्हणाले, काकांचा चष्मा तुटला, काकांना कणा चिकटवताना बघायला हवं. मी म्हटलं, माझ्या सत्राला एकदाही आली नाहीस.

"तू घरी घेतेसच की," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

मी तक्रारीचं पत्र लिहिलं. अप्रशिक्षित व्यक्ती, विद्यार्थ्यांची खाजगी उपकरणं, कुलूप नसलेलं कपाट, तातडीनं बंद करण्यात यावं. एरवी सत्रांचा अहवाल लिहायला मला आठवडा लागतो. हे वीस मिनिटांत झालं.

दुपारी एक ते दीड खिडकी बंद असते. उघड्या कपाटाचे फोटो काढायचे म्हणून मी आत गेले. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. जाता जाता सवयीनं लेकीला मेसेज केला. मग तिचा खण शोधला. 'न ते प', क्रमांक एकतीस. फोन उभा होता आणि त्याच्या मागे तिच्या चिठ्ठ्या, दोऱ्यानं बांधलेल्या, तारखेप्रमाणे. मी त्याच्या स्टुलावर बसले.

कशासाठी: मैत्रीण.
कशासाठी: मैत्रीण.
कशासाठी: एक व्हिडिओ.
कशासाठी: उगाच.
कशासाठी: आईला उत्तर द्यायला.
कशासाठी: आईला.
कशासाठी: आई.
आई.
आई (लवकर).

मैत्रीण दुसऱ्या आठवड्यातच संपली होती. 'उगाच' तिसऱ्यात. पुढे सगळी मी. एका दिवशी पाच चिठ्ठ्या, पाचही माझ्या. तेवढ्यात खणातला फोन उजळला. मीच दारातून पाठवलेला मेसेज पुन्हा आठवण करून देत होता: 'फोनवर नाहीस ना?' त्याच्या वर सकाळपासूनचे सहा. 'अभ्यास चालू आहे ना?' 'फोन बाजूला ठेवून जेव.' 'उत्तर का देत नाहीस?'

शिक्केकाका हात पुसत आत आला. मी स्टुलावर, मांडीवर चिठ्ठ्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, खणाला हात लावायचा तर चिठ्ठी लागते," तो म्हणाला आणि कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.

"तुम्ही हे वाचलंत?"

"कारण वाचायचं नसतं. शिक्का मारायचा असतो." त्यानं चिठ्ठ्यांना परत दोरा गुंडाळला. "मात्र हिला कधी दंड झाला नाही. दोन मिनिटांत फोन परत. दोन मिनिटांत काय बोलणं होतं हो मायलेकींचं?"

म्हणजे वाचत होता. माझ्या घरातलं त्याला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि त्यानं ते तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं.

मी पेन घेतलं. नाव लिहिलं. किती वेळ, ते लिहिलं. कशासाठी, तिथे पेन थांबलं. खिडकी उघडायची वेळ झाली आणि रांगेत पहिली माझीच लेक.

"आई? तू पण?"

तिला वाटलं, मी माझा फोन ठेवायला आले. तिचा चेहरा असा काही उजळला की मी पर्समध्ये हात घातला. फोनबरोबर घडी घातलेला एक कागद वर आला, तो परत आत सारला. फोन खिडकीवर ठेवला. काकानं क्रमांक दिला, त्रेचाळीस. लेबल लेकीनं चिकटवलं, शिक्काही तिनंच मारला, जिभेचं टोक दातांत धरून, लहानपणी चित्रं रंगवायची तशी.

"आता मला मेसेज कसे करणार?" तिनं विचारलं.

"चिठ्ठी भरून."

ती मोठ्यानं हसली. मग काकाकडे बघून आणखी हसली, आणि मी पुन्हा जळले, तश्शीच.

तक्रारीचं पत्र मी त्या दिवशी सकाळी साडेदहालाच प्राचार्यांच्या कार्यालयात दिलं होतं. घडीचा कागद ही त्याची पोच.