अम्मीसाठी फ्रान्स

कुवेतवरून लढाई पेटली तेव्हा आम्ही सौदीत, जुबैलला कंपनीच्या कॅम्पात होतो. सायरन वाजला की गॅसचा मास्क चढवायचा, थांबला की चहा टाकायचा. तिकडे रत्नागिरीला रेडिओवरच्या बातम्या ऐकून माझ्या बायकोने, कुबराने, जेवण सोडलं होतं. घरी खुशाली आम्ही कॅसेटवर बोलून पाठवायचो. खोलीतला हम्माद म्हणाला, "हारून, सांगून टाक, लढाई संपेपर्यंत कंपनीने फ्रान्सला नेलंय म्हणून."

मेसमध्ये फ्रान्सच्या एका जुन्या डोंगरगावाचं कॅलेंडर होतं. ते समोर धरलं, टेप चालू केला आणि मी सुटलो.

"अम्मी, इथे दगडी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी आहेत. चढून चढून माझे गुडघे गेले. खाली द्राक्षांचे मळे, वर सातशे वर्षांचं चर्च."

हम्मादने पातेल्यावर उलथनं हाणून चर्चची घंटाही वाजवली. इतकं खोटं मी व्हिसाच्या एजंटाशीसुद्धा बोललो नव्हतो.

काही आठवड्यांनी अम्मीच्या आवाजातली कॅसेट आली.

"पोरा, गाव झकास आहे. कुबरा पोटभर जेवायला लागली. मी आधी एकटीने ऐकलं ते बरं झालं. तुझी ती घंटा थांबते न थांबते तोच मागे लाऊडस्पीकरवर अजान सुरू होते. कुबरा रोज कॅसेट लावते आणि रोज त्या जागी मी जोरजोरात खोकते. घसा बसला माझा. पुढच्या वेळी फ्रान्सला जाशील तेव्हा खिडकी लावून घे."