मधला दरवाजा

मी मधला दरवाजा बोलतोय. रस्त्यावरून दिसतो तो नव्हे. त्याला घंटा आहे, पाटी आहे, मान आहे. मी दोन भावांच्या बिऱ्हाडांमधला. सध्या मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. फार दिवस असा राहीन असं वाटत नाही, म्हणून बोलून घेतो.

मला घडवलं या घरातल्या बाबांनी. ते सुतारकाम करायचे. जन्मभर लोकांची दारं बसवली, स्वतःच्या घराची पाळी शेवटी आली. त्यांनी घराचे दोन भाग केले, एक थोरल्याला, एक धाकट्याला, आणि मधल्या भिंतीत मला बसवलं. वाटणीच करायची तर दार कशाला, असं एका शेजाऱ्यानं विचारलं. बाबा रंधा मारता मारता म्हणाले, "चुली दोन झाल्या म्हणून घरं दोन होत नाहीत."

मी काही सागाचा नव्हतो. साधं लाकूड. पण रंधा बापाच्या हातचा होता.

सुरुवातीला मला उसंत म्हणून नसे. दोन्ही जावांची दिवसभर ये-जा, आज साखर संपली, उद्या सुई हरवली. मुलं माझ्या कडीला लोंबकळायची आणि मार मात्र मला बसायचा. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा, शांत माणूस. धाकटा दूरच्या गावी छापखान्यात होता. सुट्टीवर आला की मला धाडकन उघडून "दादा, आहेस का?" म्हणत आत शिरायचा. माझ्या बिजागऱ्या कुरकुरायच्या, पण मनातून मला ते आवडायचं.

मग बाबांनी अंथरूण धरलं. पलंग थोरल्याकडे होता. थोरल्यानं दुकानाकडे पाठ फिरवून त्यांचं सगळं केलं. कूस बदलणं, पाठ पुसणं, चमच्यानं पेज भरवणं. धाकट्याला कळवलं तेव्हा तो लगेच निघाला, पण पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो माझ्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. खोलीत नात्यागोत्याची माणसं बसली होती. थोरला धाकट्याकडे बघत त्यांच्यादेखत म्हणाला, "पाहुणे आलेत. त्यांना पाणी द्या."

एवढंच. धाकटा आल्या पावली मागे फिरला, त्यानं मला ओढून घेतलं आणि पलीकडून कडी घातली.

पुढे तो नोकरी बदलून घरीच राहायला आला, तरी कडी निघाली नाही. त्यानं मला लागून कपडे ठेवायचं कपाट सरकवलं. अलीकडच्या बाजूनं थोरल्यानं माझ्यावर खुंट्या ठोकल्या आणि शर्ट टांगले. माझी दरवाज्याची भिंत झाली. जावा तेवढ्या कपडे वाळत घालताना अंगणात हळूच बोलून घ्यायच्या.

तेव्हाच कधीतरी, भिंतीच्या ओलीतून, मला वाळवी लागली.

चोराची निदान चाहूल लागते. वाळवी रंगाला धक्का लावत नाही. बाहेरून मी होतो तसाच गुळगुळीत, आणि आत फळीची नुसती चाळण. रोज थोडं थोडं जात होतं, त्यामुळे आज काय गेलं ते मलाही सांगता आलं नसतं.

थोरल्याचंही तेच चाललं होतं. गिऱ्हाइकांशी तो हसून बोलायचा, वेळेवर जेवायचा. पण पलीकडून हसण्याचा आवाज आला की त्याचा घास हातातच राहायचा. पुतण्याला चांगली नोकरी लागली, तर म्हणाला, वशिला असेल. पुतणी आजारी पडली, तर काहीच म्हणाला नाही. आणि पलीकडे धाकट्यानं 'दादा' हा शब्दच टाकला. म्हणायचा, 'तिकडचे'.

माझ्या चौकटीवर मातीच्या रेघा चढलेल्या पहिल्यांदा थोरल्या जावेनं पाहिल्या. तिनं नवऱ्याला दाखवल्या. त्यानं ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या आणि वरून रंगाचा एक हात मारला. रंग मोठा छान बसला.

एका दुपारी थोरला खुंटीवरचा शर्ट काढायला आला. त्याला जराशी घेरी आली आणि त्यानं माझ्यावर हात टेकला. मी बापाच्या हातचा दरवाजा, पण त्याचा भार मला पेलला नाही. हात कोपरापर्यंत आत गेला. पलीकडच्या कपाटाची पाठही वाळवीनं खाल्लेली होती, तीही फुटली.

धाकटा घरातच होता. आवाज ऐकून त्यानं कपाट उघडलं, तर त्याच्या शर्टांमधून रक्ताळलेला एक हात बाहेर आलेला. घड्याळवाल्याची ती लांब बोटं त्यानं ओळखली.

"दादा," तो म्हणाला, "हलू नकोस. आलो."

त्यानं हात हळूच मागे सारला, कपाट ओढलं, गंजलेली कडी हिसकली, आणि मी बिजागरीसकट त्याच्या हातात आलो. मला बाजूला ठेवून त्यानं भावाला खाली बसवलं आणि जखम धुतली. थोरली जाऊ जमिनीवरचा माझा भुसा पाहत होती. ती म्हणाली, "दरवाज्याला लागलेली वाळवी आता तरी दिसली. तुम्हा दोघांना लागलीय, ती कधी दिसायची?"

थोरला खाली मान घालून म्हणाला, "बाबा शेवटी सारखे तुझंच नाव घेत होते. मी शेजारी बसून होतो. माझं एकदाही घेतलं नाही."

धाकट्याचा पट्टी बांधणारा हात थांबला.

"मी नव्हतो म्हणून माझं घेतलं," तो म्हणाला. "तू हाताशी होतास. हाताशी असलेल्याला कुणी हाक मारतं का, दादा?"

थोरला रडला नाही. म्हणाला, "पट्टी घट्ट झालीय." धाकट्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

तेव्हापासून मी इथे अंगणात आहे. माझ्या जागी अजून काही बसवलेलं नाही. एक म्हणतो पडदा लावू, दुसरा म्हणतो दारच हवं, आणि त्यावरून दोघांचं रोज वाजतं. मला इथपर्यंत ऐकू येतं. ऐकून बरं वाटतं. भांडणाला आवाज असतो, वाळवीला नसतो.

माझ्या वरच्या फळ्या शाबूत आहेत, त्या कुठेतरी कामी येतील. खालचा भाग मात्र जाळणार आहेत. थोरल्याचा जीव होत नाही. बापाच्या हातचं आहे, राहू दे म्हणतो. त्याला कुणीतरी सांगा, जाळ म्हणावं. बापाच्या हातचं जे होतं ते वाळवीनं केव्हाच नेलं. उरलंय ते वाळवीचं घर आहे, आणि ते जपण्यासारखं नाही.