बिनरबराची बॅटरी

बॅटरी बोलतेय मी. टॉर्चमधली नव्हे हो, कॅमेऱ्यातली. काडेपेटीहून जराशी मोठी, काळी आणि आता पोटाला फुगलेली. हसू नका. आठ वर्षं राबल्यावर तुमचंही पोट सुटतंच की.

माझी मालकीण यशश्री नाशिकला इंदिरानगरात राहते. बारशी, लग्नं, वाढदिवस यांचे फोटो काढते आणि थंडी पडली की पक्ष्यांमागे पाणवठे पालथे घालते. मी कॅमेऱ्याबरोबर खोक्यातून आले, म्हणजे घरातली थोरली. पुढे तिने दोन धाकट्या आणल्या आणि माझी रवानगी बॅगेच्या कडेच्या कप्प्यात झाली. असू दे, वेळेला उपयोगी पडेल, म्हणाली. मला राग आला होता. अजून आहे.

थंडी आमची वैरीण. पारा पाच-सहावर आला की भरलेली बॅटरीसुद्धा मान टाकते. म्हणून यशश्री आम्हाला स्वेटरच्या आतल्या खिशात उबेला ठेवते आणि ऐन वेळी कॅमेऱ्यात घालते. दुसरा तिचा नियम रबराचा. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर जिच्या पोटाला, ती भरलेली. जिला नाही, ती रिकामी. अंधारातही बोटांना कळतं.

आता सहादूमामांचं सांगते. घोटीच्या पुढे धरणाच्या काठाला ते आणि त्यांची बायको लंकाबाई राहतात, होडी घालून मासे धरतात. गेल्या हिवाळ्यात ते यशश्रीला पक्षी दाखवायला घेऊन गेले होते. बोलता बोलता म्हणाले, पाण्यात ऊद हाय, लय मोठा, जाळी फाडतो. यशश्रीला ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा तेवढाच माहीत. तिला हसू आवरेना. तिने त्यांना पुन्हा बोलायला लावलं, मोबाइलवर ते टिपलं आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'पाण्यात ऊद जाळणारे मामा'.

ते फिरत फिरत गावात पोचलं. लोक सहादूमामांना धुपाटणं म्हणायला लागले. ऊद म्हणजे पाणमांजर, हे यशश्रीला फार उशिरा कळलं. मी बॅगेतून सगळं ऐकत होते. शिकलेल्या माणसांना न कळलेला शब्द दुसऱ्याचा वेडेपणा वाटतो, हे मी तेव्हा पाहिलं.

या जानेवारीत प्रकरण हातघाईवर आलं. इतरांचीही जाळी फाटू लागली, मासे जाऊ लागले. सगळ्यांच्या आधी पाण्यावर जाणार सहादूमामा, म्हणून संशय त्यांच्यावर. मासेमारी संस्थेने ठरवलं, रविवारी सकाळी नऊच्या बैठकीत त्यांचं नाव कमी करायचं. नाव गेलं की होडी पाण्यात घालायची नाही. साठी उलटलेला माणूस दुसरं काय करणार?

त्यांचा फोन आला तेव्हा यशश्री जेवायला बसत होती.

"ताई, तुमच्या फोटूवर लोक इस्वास ठेवतील. माझ्या तोंडावर कुनी ठेवत नाय."

ती ताटावरून उठली. सासूबाईंना एवढंच म्हणाली, माझ्यामुळे झालंय हे.

सासूबाई म्हणजे श्यामलाताई. मनाने लोणी, पण घरात एक रबर वाया जाऊ देत नाहीत. दुधाच्या पिशवीचं, भाजीचं, सगळं नळाच्या तोटीवर चढवून ठेवतात. शनिवारी त्या तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. एक रबर कमी पडलं, ते त्यांनी टेबलावरच्या दोघी धाकट्यांतल्या भरलेलीचं काढलं. मग आठवलं, सुनेला हे आवडत नाही. लगेच नळावरून दुसरं आणून परत घातलं. चुकीच्या बहिणीला! मी कप्प्यातून बघत होते. ओरडून सांगायला मला तोंड कुठलं?

रविवारी पहाटे यशश्रीने रबरवाली उचलून खिशात टाकली. भरलेली बिचारी टेबलावर राहिली.

काठावर पोचलो तर धुकं असं की होडी दिसेना. ऊद उजाडताना येतो, ऊन पाण्यावर आलं की जातो, असं सहादूमामांनी बजावलं होतं. म्हणजे हातात अर्धा तास. यशश्रीने बोटांवर फुंकर घातली, तीच वाफ कॅमेऱ्यावर बसली, ती ओढणीने पुसत राहिली. मग तिने रबरवाली घातली आणि बटण सरकवलं.

काही नाही. पुन्हा काढली, पुसली, घातली. काही नाही. मोबाइल होता, पण त्यात त्या अंतरावरून होडीसुद्धा ठिपका दिसते.

मग कडेच्या कप्प्यातून तिने मला काढलं. बिनरबराची असले तरी उरलंसुरलं थोडं होतं माझ्यात. थंडीने मी गारगोटी झालेले. फुगलेलं पोट खाचेत जाईना, तिने अंगठ्याने रेटलं. पडद्यावर लाल खूण लुकलुकली आणि विझली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लंकाबाई शेकोटीपाशी होत्या. यशश्री घाईने म्हणाली, हिला ऊब हवी, पण विस्तवाजवळ नको, फुटेल. लंकाबाईंनी मला घेतलं, पदरात पुसलं आणि पोलक्यात खोचलं.

"कोंबडी काय चुलीवर अंडं उबवती का? आन इकडं."

तिथे मी त्या बाईचं काळीज ऐकलं. धाडधाड चाललेलं. वरून शांत दिसत होती, हो! आठ वर्षांत मला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं.

धुकं विरळ झालं. डोंगरामागे तांबडं फुटलं. पलीकडच्या काठी पहिलं ऊन पडलं, तरी पाणी स्वस्थ. सहादूमामा पाण्यावर नजर लावून होते. मग त्यांनी हात वर केला.

पाण्यात एक रेघ सरकत होती. लंकाबाईंनी मला काढून दिलं, यशश्रीने खाचेत दाबलं, दिवा लागला. पहिला फोटो नुसत्या पाण्याचा. दुसऱ्यात शेपटीचं टोक. मी मनात म्हटलं, बाई, तुला अजून एकच देऊ शकेन. तिने श्वास रोखला. त्याच क्षणी तो वर आला. चपटं डोकं, मिशा आणि दातांत ओढलेलं जाळं, त्यात तडफडणारा मासा. खट्ट! आणि मी विझले.

यशश्रीने कॅमेरा छातीशी धरला. मिळालं, म्हणाली आणि रडायला लागली. पण दाखवणार कसं? फोटो कॅमेऱ्याच्या पोटात, कॅमेरा मेलेला. बैठक नऊला, चार्जर घरी, नाशिकला जाऊन यायला वेळ नाही. लंकाबाईंनी मला पुन्हा आत खोचलं आणि वर दोन्ही हातांची घडी घातली. तशाच चालत बैठकीला गेल्या.

शाळेच्या व्हरांड्यात तीसेक माणसं होती. चेअरमन म्हणाले, बोला धुपाटणे. लोक हसले. यशश्री पुढे झाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"यांना हसायला मी शिकवलं तुम्हाला. शब्द मला कळला नव्हता. चूक माझी आहे."

लंकाबाईंनी पाठ फिरवून मला काढलं. मी त्या म्हातारीच्या उबेतून जेवढं गोळा केलं होतं, तेवढं सगळं दिलं. पडदा उजळला. चेअरमन वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मागचे पुढे आले. कुणीतरी आपलं जाळं ओळखलं, निळ्या दोऱ्याची गाठ होती त्याला.

"ऊदच हाय की," चेअरमन हळूच म्हणाले.

सहादूमामा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, पुन्हा घातली. नाव राहिलं. पडदा काळा झाला तो झालाच.

आता मी चार्ज होत नाही. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये म्हणतात, खरंच आहे ते. उद्या घंटागाडी येईल, तिच्या वेगळ्या कप्प्यात मी जाईन. एकच मागणं आहे. एखाद्याचा शब्द कळला नाही तर आधी त्यालाच विचारा, हसायचं मग बघू.

श्यामलाताईंनाही आता सगळं कळलं आहे. आज सकाळी त्यांनी नळावरचं एक रबर काढलं, मला हातात घेतलं आणि दोन वेढे देऊन माझ्या पोटाला घातलं. यशश्री म्हणाली, आई, ती रिकामी आहे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "या वेळी मी चुकले नाही."