वडाची हजामत

कचेरीच्या शिक्क्यावर वड होता. कागदावर, चहाच्या कपावर, साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, जिकडेतिकडे वड, आणि त्याला भरघोस पारंब्या. आवारातल्या खऱ्या वडाची मात्र एकही पारंबी जमिनीला टेकू द्यायची नाही, असा हुकूम. साहेब पारंब्यांना ‘दाढी’ म्हणत. "सोमवार आला, दाढी करून घ्या," असं माळ्याला सांगत आणि स्वतःच्याच विनोदावर हसत. साहेब आले नि गेले, ‘दाढी’ तेवढी खुर्चीला चिकटून राहिली. माळ्याला त्या हसण्याची शिसारी यायची, आणि त्याहून जास्त स्वतःच्या कात्रीची. एकोणीस वर्षं तो ही हजामत करत होता. अख्खी कचेरी त्याला ‘वस्तरेबुवा’ म्हणायची.

खरी भीती लांब फांदीची होती. तिला बोटभर चीर गेली होती आणि खालून पारंबीचा टेकू मिळाला तरच ती टिकणार होती. त्या फांदीखालच्या बाकावर माळ्याची बायको, कचेरीत झाडलोट करणारी, दुपारी चारचौघांबरोबर डबा खायची. माळ्याने तीन अर्ज दिले. उत्तर आलं, "बघू." तेही तोंडी. बायकोला म्हटलं दुसरीकडे बस, तर ती म्हणाली, "आणि बाकीच्यांनी काय करायचं? मरायचं?"

मग त्याने चोरी केली. एक पारंबी प्लास्टिकच्या पाइपात घातली, पाइपात माती भरली, खालची फरशी उचलून टोक जमिनीत सोडलं. कोणी विचारलं की सांगायचा, "एसीच्या पाण्याचा पाइप आहे." चार वर्षं कोणाला संशय आला नाही. एसीला सगळं माफ.

यंदा एसी बदलले. "तो जुना पाइप काढून टाका," म्हणत साहेब स्वतः समोर येऊन उभे राहिले. माळ्याचा नाइलाज झाला. त्याने पाइप चिरला. आत मनगटाएवढी पारंबी, जमिनीत घट्ट रुतलेली.

"बाप रे, केवढी ही दाढी! कापा."

"दाढी नाही साहेब, झाडाचा पाय आहे हा. वरची फांदी याच्यावर उभी आहे. खाली माणसं बसतात."

"मग उठवा माणसांना. कापा म्हटलं ना?"

करवत उचलताना माळ्याची नजर साहेबांच्या नव्या गाडीवर गेली. सावलीसाठी ती त्याच फांदीखाली लावलेली होती.

"कापतो साहेब. फक्त तेवढी गाडी..."

साहेबांनी वरची चीर पाहिली, मग खालची गाडी. तोंडचं पाणी पळालं. "राहू दे. कोणी हात लावायचा नाही. वड म्हणजे आपली संस्कृती आहे," ते म्हणाले आणि पारंबीला हात लावून फोटोला उभे राहिले.

बायको झाडू टाकून धावत आली. "अहो, वाचली का?"

"वाचली," माळी म्हणाला आणि बाजूला थुंकला. "गाडी वाचली."