इत्सेलचे अकरा चौकोन

"या समरला कोणाला ठेवून घेऊ नका, बाबा," राजसने मॉन्ट्रियलहून फोनवर सांगितलं. "आई होती तोवर ठीक होतं. तुम्हाला एकट्याला नाही झेपणार."

"झेपेल," रविकांत म्हणाला. "आणि नाही झेपलं तर तुला सांगणार नाही."

टोरंटोजवळच्या मिल्टनमधल्या त्या घरात सात उन्हाळे स्पॅनिश बोलणारी मुलं येऊन राहिली होती. कोणी मेक्सिकोचं, कोणी कोलंबियाचं, कोणी पेरूचं. सगळी कॉलेजात बिझनेस शिकणारी. एक संस्था त्यांना आठ आठवडे कॅनडातल्या लहान कंपन्यांमध्ये इंटर्नशिपला लावायची आणि त्यांच्या राहण्यासाठी घरं शोधायची. हा सगळा उद्योग रविकांतच्या बायकोचा, सुनेत्राचा. रविकांत फक्त एअरपोर्टवरून बॅगा आणायचा आणि जेवताना हसायचा.

फेब्रुवारीत सुनेत्रा गेली. मार्चमध्ये संस्थेचं पत्र आलं, ते तिच्याच नावाने. रविकांतने उत्तर पाठवलं, "सुनेत्रा नाही. मी आहे. खोली आहे. पाठवा." संस्थेच्या बाई घरी आल्या. खोलीची कडी आणि वॉशरूमचं कुलूप त्यांनी स्वतः लावून पाहिलं, शेजाऱ्यांशी बोलल्या, आणि हो म्हणाल्या.

जूनच्या सुरुवातीला इत्सेल आली. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराची, वीस वर्षांची, रविकांतच्या खांद्याएवढी. तिची इंटर्नशिप ब्रॅम्पटनमध्ये शैलेंद्रकडे होती. शैलेंद्र नागपूरचा. लोणची आणि मसाले भारतातून मागवून इथल्या दुकानांना पुरवायचा. सुनेत्रानेच त्याला संस्थेशी जोडून दिलं होतं. कागदावर काम छान होतं: टोरंटोतल्या लॅटिन अमेरिकन दुकानांमध्ये आंब्याचं लोणचं खपेल का, ते इत्सेलने दुकानोदुकानी फिरून शोधायचं. परत गेल्यावर कॉलेजात पाच मास्तरांसमोर उभं राहून ते सांगायचं. ते जमलं तर याच वर्षी डिग्री. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा इंटर्नशिप, आणि दुसऱ्यांदा परदेशी पाठवायला तिच्या घरचे तयार नव्हते.

सुनेत्राचा एक नियम होता. फ्रीजवर मराठी कॅलेंडर लावलेलं असायचं. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी मुलाने त्या दिवसाच्या चौकोनात आज काय शिकलो ते लिहायचं. लिहिलं की ताटात पोळी. आणि लिहायचं आपापल्या भाषेत. परक्या भाषेत माणूस पाहुण्यासारखं गोड लिहितं, असं ती म्हणायची. नवं कॅलेंडर आलं की जूनच्या पानावर हा नियम ती आधीच लिहून ठेवायची. रविकांतच्या पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, पण नियम त्याने मोडला नाही.

स्पॅनिश त्याला येत नव्हतं. पण चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाची नजर होती. तिसऱ्या सोमवारी पोळी शेकताना त्याच्या लक्षात आलं की अकरा चौकोनांत एकच शब्द आहे.

"हे काय लिहितेस गं रोज?" त्याने इंग्रजीत विचारलं. त्यांचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

"बॉक्स," इत्सेल म्हणाली.

"बॉक्स म्हणजे?"

"बॉक्स म्हणजे बॉक्स, सेन्योर रवी. बाटल्यांवर लेबल लावते, बॉक्स भरते, टेप मारते. आता टेप मी डोळे मिटून मारते. दाखवू?"

"आणि दुकानं?"

"एकही नाही."

"मग संस्थेला सांग ना!"

"मागच्या वर्षी एका मुलीने सांगितलं. दुसरी कंपनी मिळाली नाही, तिला परत पाठवलं." तिने ताट पुढे केलं. "लिहिलंय मी. पोळी द्या."

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेला तेव्हा रविकांत गाडीतच थांबला नाही. सरळ शैलेंद्रच्या ऑफिसात शिरला.

"या भाऊ, या! चहा सांगतो."

"चहा नको. पोरीला दुकानांमध्ये पाठवायचं ठरलं होतं ना?"

"काहून टेन्शन घेऊन राह्यले तुम्ही?" शैलेंद्र हसला. "दोन पोरं काम सोडून गेली. माल पडून आहे. तिला तरी काय, सर्टिफिकेटच पाहिजे ना? आत्ता देतो." त्याने ड्रॉवरमधून संस्थेचा मूल्यमापनाचा फॉर्म काढला आणि पाच मिनिटांत भरला. सगळीकडे 'उत्कृष्ट'. खाली सही, शिक्का, जुलैअखेरची तारीख. "घ्या. आठ आठवड्यांचं तिसऱ्याच आठवड्यात. अशी कंपनी दाखवा मला अख्ख्या कॅनडात!"

रविकांत खूश झाला. घरी येताना त्याने मुद्दाम बासुंदीचा डबा घेतला. सुनेत्रा असती तर म्हणाली असती, बघा, जमलं की तुम्हाला.

संध्याकाळी त्याने फॉर्म इत्सेलपुढे ठेवला. तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"यात लिहिलंय, मी चौदा दुकानं पाहिली."

"हो! आता काळजी मिटली."

"कोणती चौदा?"

रविकांतने फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली.

"माझे मास्तर विचारतील, कोणती चौदा? दुकानदार काय म्हणाले? मी काय सांगू, टेप?" तिचा आवाज चढला. "तुम्ही माझ्यासाठी केलंत, थँक यू. पण हे खोटं आहे. मला नको." तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला, उठून कॅलेंडरपाशी गेली आणि बाराव्या चौकोनात पुन्हा तोच शब्द लिहिला.

बासुंदीचा डबा तसाच फ्रीजमध्ये गेला. रविकांतला आधी राग आला. एवढीशी पोर, आणि आपल्याला शिकवते! भांडी घासताना मात्र त्याला पिंपरीचा कारखाना आठवला. आयटीआय करून तो तिथे अप्रेंटिस लागला होता. वर्षभर त्याने लोखंडाचा कीस झाडला आणि चहाच्या किटल्या वाहिल्या. फोरमन त्याच्या वहीत दर आठवड्याला लिहायचा, 'लेथवर काम केले', आणि सही ठोकायचा. रविकांतला तो फोरमन देवमाणूस वाटायचा. पुढे पहिल्या नोकरीत त्याला लेथसमोर उभं केलं. त्याला मशीन चालू करता आलं नाही. सगळा कारखाना हसला होता. ही गोष्ट त्याने आयुष्यात फक्त सुनेत्राला सांगितली होती.

आणि आज तोच कागद तो हौसेने घरी घेऊन आला होता, वर बासुंदी!

सकाळी त्याने फॉर्म शैलेंद्रच्या टेबलावर परत ठेवला.

"काय झालं? स्पेलिंग चुकलं काय?"

"सगळंच चुकलंय. तुझं आणि माझंही. सोमवारपासून ती दुकानांमध्ये जाईल. कागदावर जे काम आहे तेच करेल."

"आणि बॉक्स कोण भरेल, तुम्ही?"

"माणूस ठेव. जाहिरात दे. ती लेबलं लावायला समुद्र ओलांडून आलेली नाही."

शैलेंद्रने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, वहिनी गेल्या तेव्हा तेरा दिवस तुमच्या घरी डबा कोणाकडून येत होता? तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणी शोव्हल केला? मी केला. बोललो कधी?"

खरं होतं ते. ते तेरा दिवस शैलेंद्र आणि त्याची बायको नसते तर तो अंथरुणातून उठलाही नसता.

"केलंस," तो म्हणाला. "मरेपर्यंत विसरणार नाही. उद्या तुला काही झालं तर रात्रंदिवस तुझ्या दारात उभा राहीन. पण तुझे उपकार माझ्यावर आहेत शैलेंद्र, त्या पोरीवर नाहीत. तिच्याकडून का फेडून घेतोस?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर इथूनच संस्थेच्या बाईंना फोन करतो. जूनचं पान फाडून आणलंय. बघ. बारा चौकोन. वर सुनेत्राच्या हाताने नियम लिहिलाय, ते अक्षर तू ओळखतोस."

शैलेंद्रने पानाकडे पाहिलं नाही. तो खिडकीतून फोर्कलिफ्टकडे बघत राहिला. "जाऊ द्या तिला," शेवटी तो म्हणाला. "पण माझी गाडी मिळणार नाही. माणूस मिळणार नाही. सँपलची एक बाटलीसुद्धा मिळणार नाही. पाहू कसा अभ्यास करते."

"पाहू," रविकांत म्हणाला. जूनचं पान घडी करून खिशात घातलं आणि निघाला.

रविवारी तो मिल्टनच्या देशी ग्रोसरीत गेला आणि शैलेंद्रच्याच कंपनीच्या आंबा लोणच्याच्या बारा बाटल्या विकत घेतल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, पार्टी आहे का घरी?"

"नाही," रविकांत म्हणाला. "अभ्यास आहे."

सोमवारी तो गाडी चालवत होता आणि इत्सेल मांडीवर वही घेऊन बाजूला बसली होती. टोरंटोत जेन स्ट्रीटवरच्या पहिल्या दुकानदाराने बाटलीकडे बघून नुसती मान हलवली. दुसऱ्याने दारातूनच परत पाठवलं. रविकांतचं तोंड पडलं.

"लिहिलं मी," इत्सेल म्हणाली. "दोघांनी नाही म्हटलं. हे खरं आहे ना? चला पुढे."

तिसरं दुकान एका इक्वेडोरच्या बाईंचं होतं. त्यांनी बाटली उघडायला लावली, चमच्याच्या टोकाने चाखलं आणि डोळे मिटले. मग दोघी स्पॅनिशमध्ये जे सुरू झाल्या ते अर्धा तास थांबल्या नाहीत. रविकांत तांदळाच्या पोत्यावर बसून राहिला. बाई हातवारे करून काहीतरी नाकारत होत्या, इत्सेल वाद घालत होती, दोघी हसत होत्या, आणि इत्सेलची पेन्सिल चालू होती.

"काय म्हणाल्या?" गाडीत बसल्यावर त्याने विचारलं.

"म्हणाल्या, मीठ फार. तेल फार. बाटली फार मोठी. पण मक्याच्या कणसावर लावून मुलांना देऊन बघते म्हणाल्या. एक बाटली ठेवून घेतली. शुक्रवारी परत बोलावलंय."

"म्हणजे हो की नाही?"

"अजून माहीत नाही! तेच तर शोधायचंय, सेन्योर रवी."

त्या संध्याकाळी ती कॅलेंडरसमोर उभी राहिली ती राहिलीच. जूनचं पान सुईदोऱ्याने परत शिवून लावलं होतं. सोमवारचा चौकोन भरला, मंगळवारचा भरला, आणि तिचं अक्षर बुधवारात शिरलं. तव्यावरची पोळी करपायला लागली.

"शैलेंद्र सर शेवटी सही करतील का?" तिने पाठमोरीच विचारलं. "खरी सही?"

"माहीत नाही," रविकांत म्हणाला. "नाही केली तर हे कॅलेंडर काढून घेऊन जा. पाचही मास्तरांसमोर ठेव."

"तुम्हाला नको? त्यात सेन्योरा सुनेत्रांचं अक्षर आहे."

रविकांतने करपलेली पोळी आपल्या ताटात टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.

"तिला विचारलं असतं तर तिने स्वतः फ्रीजवरून काढून दिलं असतं," तो म्हणाला. "पण आत्ता नाही. जुलै अख्खा कोरा आहे. आधी तो भर."